सात दारांचा चौक

बेलापूर स्टेशनात उतरले की माणूस उगीचच दबून जातो. एवढी उंच छपरे, एवढा मोठा पसारा, आणि खाली आमच्यासारखी पिशव्या सांभाळीत चालणारी माणसे! पण रिक्षावाल्याला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणून सांगावे, आणि पाच-सात मिनिटांत दुनिया पालटते. पारसिकचा डोंगर जवळ येतो, रस्ते आवळत जातात, आणि कुणाच्या तरी चकलीच्या भाजणीचा वास थेट रिक्षात शिरतो.

माझी मावसबहीण अक्का इथे राहते. लहानपणी मी मेच्या सुट्टीत तिच्याकडे यायचा. खाडीवरचा पूल तेव्हा होता, पण आगगाडी नव्हती. ती वाशीपर्यंत आली १९९२ साली. बसच्या धक्क्यांनी अंग मोडून जाई. पण आमच्या दादरच्या चाळीत दार उघडले की गॅलरी, आणि अक्काचे दार उघडले की आभाळ! तेवढ्यासाठी मी कितीही धक्के सोसले असते.

ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी आखली. ती बांधली गेली १९८३ ते १९८६ या काळात. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे हा विचार १९६५ साली मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल हे दुसरे दोघे. १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनींवर शहर उभे राहू लागले. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासईला माणसांनी गोळ्या झेलल्या, हेही इथल्या प्रत्येक भिंतीखाली पुरलेले आहे.

कोरियांची योजना मोठी मौजेची होती. सात घरे एका लहानशा चौकाभोवती. असे तीन चौक मिळून एक मोठा चौक. प्रत्येकाला ४५ ते ७५ चौरस मीटरची जागा. म्हणजे गरीब आणि सुखवस्तू यांच्यात फरक उरला तो वाव-दोन वावांचा. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, कारण घर पुढे वाढणार हे गृहीतच धरलेले. पांढऱ्या भिंती, उतरती कौले. पुढचे ज्याचे त्याने बघावे.

आणि लोकांनी बघितले! आता कौलारू घर शोधावे लागते. जिकडेतिकडे दोन-तीन मजले, स्लॅब, गुळगुळीत फरश्या. मी मनातल्या मनात हळहळत अक्काच्या दाराशी पोहोचलो. तिने मला बोलावले होते ते भाच्याला समजावण्यासाठी. त्याला जुने घर पाडून तीन मजली बांधायचे होते. (प्राध्यापकाला दुसऱ्याच्या घराविषयी मते फार, स्वतःचे दोन खोल्यांचे असते.)

मी वास्तुकलेवर दहा मिनिटे बोललो. भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, पण घर वाढावं म्हणूनच त्यांनी ते असं बांधलं ना? मग आम्ही वाढवलं तर बिघडलं कुठं? मला उद्या मुलं होतील, ती झोपणार कुठं?”

ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. उलट, तोच कोरियांचा खरा विद्यार्थी निघाला!

संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो. चौकात दोन मुली रांगोळीचे ठिपके मोजत होत्या, कुणाची उशी वाळत होती. तेव्हा ध्यानात आले की सातांपैकी पाच घरे पार बदलली, चौक मात्र तेवढाच राहिला. तो कुणा एकाचा नाही, म्हणून कुणाला गिळता आला नाही. पण नव्या घरांपैकी तिघांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. खाली मोटार, वर बिऱ्हाड. चौकाच्या बाजूला नुसती भिंत.

मी भाच्याचा नकाशा मागितला. “स्वयंपाकघर कुठं?”

“पहिल्या मजल्यावर, मागे. खाली गाडी.”

अक्का लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी तू पुण्याला असताना मी न्हाणीत घसरून पडले, ठाऊक आहे ना? सकाळी माझी ओट्यावरची खिडकी उघडली नाही, म्हणून समोरच्या काकू धावत आल्या. मागच्या भिंतीतली खिडकी त्यांना कशी दिसणार?”

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग भाच्याने पेन्सिल घेतली, मागचा ओटा खोडला आणि खाली, चौकाच्या अंगाला काढला. काढला आणि डोके खाजवू लागला.

“मग गाडी कुठं ठेवायची, मामा?”

मी पुन्हा निरुत्तर. उत्तर दिले ते अक्काने.

“ठेव रस्त्यावर. ती काय रात्री पडणार-झडणार आहे?”