हिशेब देवळासमोर

मारुतीच्या देवळाला लागून दहा बाय बाराची पत्र्याची खोली, दारावर रंगवलेली पाटी, आत एक कॅरम बोर्ड, एक लाकडी कपाट आणि सकाळच्या एसटीनं येणारं वर्तमानपत्र. 1980 च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचं तरुण मंडळ एवढंच होतं. मिसरूड फुटू लागलेला प्रत्येक मुलगा संध्याकाळी तिथंच सापडायचा.

लोकसभा-विधानसभेसाठी मतदानाचं वय तेव्हा 21 होतं, ते 18 वर आलं 1989 साली. आम्ही मात्र सतराव्या-अठराव्या वर्षीच हात वर करून अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार निवडत होतो. सोसायटी नोंदवायला किमान सात माणसं लागतात, हे आम्हाला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी मंडळाच्या नोंदणीनं शिकवलं. नेहरू युवा केंद्र 1972 पासून देशभर खेड्यांतल्या तरुणांसाठी काम करत होतं. त्यांच्या शिबिरात जाऊन आलेला मुलगा परतला की ठराव कसा लिहायचा, सूचक-अनुमोदक म्हणजे काय, हे बाकीच्यांना सांगायचा. मंडळाला मिळालेला व्हॉलीबॉल आणि नेट तर गावची दौलतच होती.

गणपतीची वर्गणी मागायला पावती पुस्तक घेऊन उंबरे झिजवावे लागत. एखादे तात्या दारातच अडवत, "मागच्या साली विहिरीचा गाळ काढणार होता, त्याचं काय झालं रं?" उत्तर दिल्याशिवाय पाच रुपये सुटत नसत. कबड्डीच्या सामन्यांसाठी मैदान नांगरून, पाणी मारून, फक्कीनं आखण्यापासून बाहेरगावच्या संघांच्या जेवणापर्यंत सगळं पोरांच्या अंगावर असे. पंचाचा निकाल न पटून दोन संघ एकमेकांवर धावले की मध्ये उभं राहणारा विशीतला अध्यक्ष त्या क्षणी जे शिकायचा, ते कुठल्या वर्गात शिकवता येत नाही.

खरी परीक्षा विसर्जनानंतर असायची. गॅसबत्तीच्या उजेडात, देवळासमोर, सगळ्या गावापुढं खजिनदार जमा-खर्च वाचायचा. आवाज कापायचा. "बत्तीचं भाडं दोनदा लागलंय का बघ," असं कोणी म्हटलं की पावत्यांचा गठ्ठा उघडायचा आणि आकडा जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही. आमच्या मंडळातले जे पुढं सरपंच झाले, दूध संस्थेचे सचिव झाले, शिक्षक झाले, ते सगळे त्या उजेडात उभे राहून गेलेले होते.

अशी ताकद काय करू शकते, हे तेव्हाच्या नगर जिल्ह्यानं दाखवलं. 1975 साली अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले, तेव्हा दारूबंदीच्या आणि पाण्याच्या कामात तरुण मंडळ त्यांच्यामागं उभं राहिलं. 1989-90 च्या सुमारास हिवरे बाजारच्या तरुणांनी आग्रह धरून पोपटराव पवारांना सरपंच केलं. दुष्काळानं रिकामं होत चाललेलं ते गाव आज दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. देवळासमोरच्या हिशेबाचंच ते मोठं रूप, असं मी मानतो.

आज मंडळं संपलेली नाहीत. पत्र्याच्या जागी स्लॅब आलाय, वर्गणी फोनवर जमा होते. पोरं आमच्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत. 2016 साली जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, त्या श्रमदानात तरुण हात किती होते! ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर आला तेव्हा गावोगावच्या मंडळांनी भाकऱ्या आणि चारा गोळा केला. कुठं काय पोचवायचं हे मोबाइलवरच्या ग्रुपवर मिनिटांत ठरत होतं. आम्हाला तेवढ्यासाठी सायकलवर दिवस घालवावा लागला असता. आणि आमच्या खोलीत मुलगी कधी दिसली नाही, हे आठवलं की मन खट्टू होतं. आज स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालवण्यात मुली पुढं आहेत. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागांवर बसायची तयारी मुलींनी मंडळातच करायला हवी.

सल एकच आहे. डीजे आणि फ्लेक्सचा खर्च बाहेरचा एखादा इच्छुक उमेदवार एकरकमी देतो, म्हणून पोरांना दारोदार जावं लागत नाही. दारोदार गेलं नाही की तात्यांचा प्रश्न येत नाही, आणि प्रश्न आला नाही की हिशेब वाचायची गरज उरत नाही. फ्लेक्सवर फोटो चाळीस जणांचे असतात, पण जबाबदारी नेमकी कुणाची, हे गावाला कळत नाही.

म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. देणगी एका खिशातून घेऊ देऊ नका. घरटी थोडी थोडी द्या आणि देताना विचारा. वही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. जमा-खर्च ग्रुपवर टाकला तरी एकदा देवळासमोर मोठ्यानं वाचायला लावा. जो आज पाच हजारांचा हिशेब गावापुढं उभा राहून देईल, त्यालाच उद्या पंचायतीच्या लाखांचा हिशेब द्यायला संकोच वाटणार नाही.