बाहुबलीच्या वाटेवरील शिदोरी
कोल्हापूरहून कुंभोजच्या बाहुबलीपर्यंत जाऊन-येऊन ५०-६० किलोमीटर होतात. सरावास ही वाट उत्तम. लांबच्या फेरीत सायकलस्वारास ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. इतरत्र उकडलेला बटाटा वा मध चालतो. जैन शिदोरीत दोन्ही वर्ज्य. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू ती उणीव सहज भरून काढतात. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर हवी. खरी कसोटी चौविहाराची. सायंकाळी दमून परतलेल्यास सूर्यास्तानंतर पाणीही नाही. रात्रभर शरीर कोरडेच. व्रत मोडण्यापेक्षा वेळ बदलावी. सकाळी नवकारसीनंतर निघावे, २८ फुटी संगमरवरी बाहुबलींचे दर्शन घ्यावे आणि दुपारच्या वरण-भातास घरी पोचावे. पुढे सूर्यास्तापर्यंत घोट-घोट पाणी प्यायला अख्खी दुपार उरते.