आजीचा गळा

माझी आजी निरक्षर होती. सरकारी कागदावर तिने आयुष्यभर अंगठाच उमटविला. मात्र प्रार्थना, ओव्या, लग्नातली गाणी आणि लॅटिन स्तोत्रे धरून तिच्या मुखात किती गीते होती, याची मोजदाद आमच्या घरात कोणालाच करता आली नाही. धर्मशिक्षणाचे पुस्तक माझ्या हाती येण्यापूर्वीच प्रभूच्या दुःखसहनाची कथा मी तिच्या तोंडून ऐकली होती, तीही चालीवर.

तिचा जन्म १९१२ सालचा, वसईतील नंदाखाल परिसरातल्या सामवेदी ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातला. केळीची बाग, पानवेली, विहिरीवरचा रहाट आणि पहाटेचे जाते हे तिचे जग. हात कामात आणि गळा गाण्यात, अशीच ती वाढली. गावात लग्न ठरले की आजीला बोलावणे ठरलेलेच. मांडव घालताना, पीठ दळताना, नवरीला आंघोळ घालताना, पाठवणी करताना अशी प्रत्येक वेळेची गाणी निराळी. पण तिचा एक क्रम कधी चुकला नाही. पहिले गाणे पवित्र मरियेचे आणि गावच्या पालक संताचे. दुसरे त्या घरातील मृतांचे. त्यांची नावे घेऊन त्यांना मांडवात बोलावले जाई. त्यानंतर नवरानवरी आणि विहिणींची थट्टा. ‘‘आधी आकाशातले, मग मातीतले, मग मांडवातले,’’ असे ती म्हणे.

आपल्या पूर्वजांपर्यंत श्रद्धा पोहोचली ती बरीचशी गाण्यातूनच. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ रचण्यामागे एक साधी गरज होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांची उणीव भासत होती, आणि पुराण म्हटले की ते गायलाच हवे. आपल्या उत्तर कोकणातही १६५९ साली फ्रान्सिस्को वाज द गिमारायन्स यांचे प्रभूच्या दुःखसहनावरील पुराण आले, ते इथल्याच बोलीत. पुढे १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली आणि बहुतेक पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. धर्मगुरूंची वाण असलेल्या त्या दिवसांत घरोघरची प्रार्थना कोणी जागती ठेवली असेल? आजीला यांतील एकही नाव किंवा साल ठाऊक नव्हते. पण तिच्याकडे पाहिले की मला या प्रश्नाचे उत्तर मिळत असे.

१९७५ साली आजोबा वारले आणि माझे वडील तिला कोपरला घेऊन आले. नोकरीच्या सोयीसाठी त्यांनी तिथे बिऱ्हाड थाटले होते. तेव्हाचे कोपर म्हणजे भातशेते, पलीकडे उल्हास खाडी आणि आगरी बांधवांची वस्ती. ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. जाते नाही, रहाट नाही, मांडव नाही. आजी गप्प झाली. संध्याकाळी जपमाळ म्हणे, पण तीही पुटपुटत.

तिचा आवाज परत आणला तो शेजारच्या लग्नाने. आगरी समाजात लग्नाचे विधी ‘धवले’ गाऊन पार पाडण्याची परंपरा आहे. ते गाणारी स्त्री म्हणजे धवलारीण. हळद असो वा मांडव, तिच्या गाण्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. धवळे या गीतप्रकाराचे मराठीतील नाते तेराव्या शतकातल्या महदंबेपर्यंत जाते, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. आजीला ते शिकण्याची गरज पडली नाही. मांडवाच्या कडेला बसून तिने धवला ऐकला. धवलारीण आधी देवांना आणि मग त्या घराच्या पूर्वजांना लग्नाला बोलावीत होती. आजी घरी येऊन म्हणाली, ‘‘हिचे देव वेगळे, पण रस्ता तोच.’’

त्या दोघींची मैत्री जमली. दुपारी ओट्यावर तांदूळ निवडीत बसल्या की एकीने गाणे उचलावे आणि दुसरीने चाल पकडावी. ‘‘गो बाय, आता तुझ्या मरीआईचं म्हण,’’ अशी फर्माईश धवलारीण करी. आमच्याच काही नातलगांना हे रुचले नाही. कोणी म्हणे, परधर्माच्या मांडवात कशाला बसायचे? कोणी म्हणे, ही गावठी गाणी शहरात शोभत नाहीत. आजी वाद घालीत नसे. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली त्या काळाची आठवण मी तिला एकदा विचारली होती. ‘‘देवाला आपली बोली आधीपासून कळत होती,’’ ती म्हणाली, ‘‘पाद्रीबाबांना उशिरा कळली, एवढंच.’’ पुढे गोरेगावच्या सेमिनरीत ४ डिसेंबर १९६३ चा उपासनेविषयीचा परिषदेचा दस्तऐवज आम्हांला शिकवला गेला. लोकांच्या धार्मिक गायनाला उत्तेजन द्यावे आणि प्रत्येक समाजाच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे त्यात सांगितले आहे. तो परिच्छेद वाचताना मला कोपरचा ओटा दिसला.

१९९१ साली आजीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एखादे अक्षर उमटे, शब्द जुळत नसे. सर्वांत मोठे दुःख तिला स्वतःला होते. जपमाळ हाती घेई, ‘नमो मरिया’ म्हणू पाही, ओठ थरथरत आणि डोळ्यांतून धारा लागत. सत्तर वर्षे जी प्रार्थना एका दिवसाचाही खंड न पडता म्हटली, तीच आता तोंडातून निघेना. देवाने आपल्याला उंबऱ्याबाहेर उभे केले, असेच तिला वाटत असावे.

मी सुट्टीवर घरी आलो होतो. एका संध्याकाळी आईने ‘नमो मरिया’ आजीच्याच ओवीच्या चालीवर सावकाश गायला सुरुवात केली. दुसऱ्या चरणाला एक खरखरीत आवाज आमच्यात मिसळला. आजी गात होती. शब्द स्पष्ट होते. प्रार्थना संपेपर्यंत तिने एकही शब्द गाळला नाही. आम्ही थांबलो तशी ती पुन्हा मुकी झाली.

डॉक्टरांनी सांगितले, बोलण्याचे केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. गाण्याला मेंदूचे इतर भागही हातभार लावतात. म्हणून वाचा गेलेल्या काही रुग्णांना शब्द बोलता येत नाहीत, पण गाता येतात. स्पष्टीकरण मला पटले. ज्याने मेंदू घडविला त्याने हा मागचा दरवाजा उघडा ठेवला, याबद्दल मी त्याचे आभार मानले.

त्या दिवसापासून आमच्या घरी पूर्ण जपमाळ गाऊन होऊ लागली. पन्नास ‘नमो मरिया’ गायला वेळ लागे, पण कोणी कुरकुर केली नाही. धवलारीणही येऊन दाराशी बसे. ती जात्याची चाल धरी आणि आजी त्या चालीत आपले शब्द घाली. १९९२ च्या प्रायश्चित्तकाळात आजीने डोळे मिटले. आदल्या संध्याकाळीही ती गायली होती.

संत अगस्तीन यांची आई मोनिका ३८७ साली ओस्तिया येथे निवर्तली. दफन झाले तरी त्यांना रडू फुटले नव्हते. रात्री झोपून उठल्यावर संत आंब्रोज यांचे स्तोत्र त्यांना आठवले आणि मग मात्र अश्रू आवरले नाहीत, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नवव्या भागात लिहिले आहे. शोकाला वाट करून द्यायलाही गाणेच लागते.

आज आपल्या धर्मग्रामांत गायकवृंद आहेत, कीबोर्ड आहेत, छापील गीतपुस्तके आहेत. त्यांचा मला आनंदच वाटतो. घर आशीर्वादित करायला जातो तेव्हा मात्र मी कोपऱ्यात बसलेल्या आजीलाही एक गाणे म्हणायला सांगतो. ‘‘फादर, तिला आता काही आठवत नाही,’’ असे घरचे म्हणतात. थोडे थांबावे लागते, मग आठवते. नातवंडे मोबाइलवर ते टिपून घेतात, हे चांगलेच आहे. पण टिपलेले गाणे कोणीतरी पुन्हा गावे लागते, तरच ते जिवंत राहते.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीचे लग्न झाले. कोपरच्या इमारतीच्या गच्चीवर मांडव होता. माझ्या आत्याने गाणे धरले, पहिले पवित्र मरियेचे. दुसऱ्या गाण्यात घरातील मृतांना एकेक नावाने बोलावले. आजोबांचे नाव झाले आणि त्यामागोमाग आजीचे आले. पुतणीच्या मैत्रिणींना बोली कळत नव्हती, पण चाल त्यांनी उचलली होती.