खूण कुठे करायची?

रात्री उशिरा. डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर 'टास्कसेल'च्या, म्हणजे काय काय टाकायचं ते निवडण्याच्या, यादीपाशी थांबलाय: ग्नोम, एक्सएफसीई, केडीई, वेब सर्व्हर, एसएसएच सर्व्हर... ज्याला ही नावं कळतात, त्याला यादीची गरज नाही. तो नंतर 'ॲप्ट' या आज्ञेने हवं ते मागवेल. ज्याला गरज आहे, त्याला नावंच कळत नाहीत. मग 'काय काय हवं?' हा प्रश्न विचारायचा तरी कुणाला?

उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने २०१८ साली 'मिनिमल' इन्स्टॉलचा पर्याय दिला आणि २०२३ च्या २३.१० आवृत्तीत मोजकीच साधनं टाकणाऱ्या निवडीवर आधीच खूण करून ठेवली. ब्राउझर मिळतो, लिब्रेऑफिस हवं तर वेगळं सांगा. डिस्कवरची जागा वाचते, कबूल. पण खेड्यातल्या शाळेत जुना संगणक, नेट येतं-जातं. तिथे पेनड्राइव्हवरून पहिल्या झटक्यात जे येईल तेच खरं. 'नंतर घाला' हे शहरी उत्तर झालं!

अर्थात जादा पॅकेज म्हणजे अपडेटचा जादा भार, सुरक्षेच्या फटीही जास्त. हेही डोक्यात घोळतंच. तरी विचारायचंच असेल तर 'घर, शाळा की सर्व्हर?' असं विचारा की. सध्या मी ग्नोमवरची खूण काढून हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर केलीय. माझ्या संगणकाच्या दोन जीबी रॅमला तेच झेपेल.