पारा उडण्याआधी

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली आरशांच्या ७३ तबकड्या बसल्या. प्रत्येकीचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. त्यांनी एकवटलेल्या उन्हानं पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर भक्तांसाठी डाळ-भात शिजतो. येणाऱ्याजाणाऱ्याला आरसे दिसतात. माझं लक्ष काचेच्या पाठीवरच्या चांदीकडे जातं. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा तो थर. ऊन परतवतो तोच.

आरसा काळवंडला की आपण ‘पारा उडाला’ म्हणतो. कथील-पाऱ्याचा लेप जाऊन चांदी आली, तरी शब्द टिकला. हा ‘पारा’ उडायच्या आधी ते ओळखणं हे माझं काम.

आरसा किती ऊन परतवतो, ते आधी आहे तसं, धुळीसकट मोजायचं. मग धुऊन, वाळवून त्याच खुणेवर पुन्हा. दोन आकड्यांतला फरक धुळीचा; धुतल्यावरही जे परत येत नाही, ते नुकसान थराचं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे फार जपावं लागतं. गळीत हंगामात साखर कारखान्यांची काजळी उडते, बोअरच्या पाण्याचे क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. एकाच मोजणीवर विसंबणारा चांगला आरसा मोडीत काढेल.

उमेदवारीच्या काळात एका ठिकाणचे आरसे मी फक्त मधोमध मोजले. आकडे उत्तम आले, मी ‘निर्धोक’ असं लिहून सही केली. दोन पावसाळ्यांत कडांकडून तपकिरी डाग आत सरकले. काच कापली की चांदीची कड उघडी पडते आणि ओल तिथूनच शिरते. तो अहवाल मी जपून ठेवला आहे. तेव्हापासून मी कडेपासून सुरुवात करतो.

सौर पॅनेलची दमट उष्णतेची परीक्षा बंद पेटीत ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के दमटपणात १,००० तास चालते, म्हणजे जेमतेम सहा आठवडे. त्यावरून आरशाचं वीस वर्षांचं भाकीत करायला माझं मन धजत नाही. मे महिन्यात तापलेल्या काचेवर वळीव कोसळतो, तो त्या पेटीत नसतो.

तुमच्या आश्रमशाळेत, वसतिगृहात अशी तबकडी असेल, तर पावसाळ्याआधी कडा बघा; पाठीवरचा संरक्षक रंग सुटला असेल तिथं पुन्हा लावा. खारं पाणी काचेवर वाळू देऊ नका. आणि बसवल्या दिवशीचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. तो नसेल, तर थर किती झिजला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.