पाय वीस टक्के, काम किती?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्यावर रात्रभर उसाची वाहतूक चालते. ट्रक, बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर; त्यात शिर्डीला जाणाऱ्या गाड्या आणि वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी गाजलेला रस्ता. जानेवारी २०२३ मध्ये याच रस्त्यावर, राहुरी आणि कोल्हारच्या मधे, माझी मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार काढून आणायची, जुनी कॉइल उपसायची, स्टेटरच्या खाचा साफ करून त्यात कागद घालायचा, तांब्याच्या तारेची नवी कॉइल भरायची, वॉर्निश देऊन वाळवायची आणि पुन्हा नेऊन बसवायची. या कामात जेवढे हात लागतात तेवढेच पाय लागतात. कॉइल बसून भरता येते. मोटार मात्र विहिरीच्या पायऱ्या उतरून, निसरड्या कपारीत पाय रोवून, खांद्यावर घेऊन वर आणावी लागते. पुढे सगळा निकाल या एका गोष्टीवर ठरला, म्हणून ती आधीच सांगतो.

त्या रात्री कोल्हारकडून मोटार बसवून परत येत होतो. ट्रॉलीचा अ‍ॅक्सल तुटलेला होता. ड्रायव्हरनं मागं चार दगड आणि थोडं पाचट ठेवलं होतं. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला आणि तो ओसरला तेव्हा उसाच्या मोळ्या अगदी पुढ्यात होत्या. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावा पाय मात्र गुडघ्याखाली वेगळ्याच दिशेला वळलेला मला स्वतःला दिसत होता.

शेजारच्या ढाब्यावरची माणसं धावून आली. कुणीतरी म्हणालं, "हात लावू नका, पोलिसांचं लचांड मागं लागेल." दुसऱ्यानं तोवर १०८ला फोन लावला होता. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१६मध्ये मान्य केलेल्या नियमांत आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही आहे. त्या पोराला हे ठाऊक नव्हतं. त्यानं माणुसकीनं फोन केला. पण हे ठाऊक असतं तर पहिला माणूसही मागं सरला नसता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कसं झालं?" आमच्याकडे बरेच जण इथं सांगतात, "गाडी घसरली." पोलीस स्टेशनच्या चकरा टळाव्यात, एवढाच त्यामागचा विचार असतो. पण केसपेपरवर एकदा 'घसरून पडला' असं लिहिलं गेलं की पुढे दुसऱ्या वाहनाचं नाव घेणं फार अवघड जातं. माझे मेहुणे तोवर पोहोचले होते. त्यांनी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं, "साहेब, उभ्या ट्रॉलीवर आदळून, असंच लिहा. नंबरही लिहा." ती मेडिको-लीगल नोंद पुढच्या सगळ्या कागदांचा पाया ठरली.

उजाडायच्या आत मेहुणे पुन्हा जागेवर गेले. ट्रॉली अजून तिथंच होती. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले: ट्रॉलीची मागची बाजू, रंग उडालेला पत्रा, रिफ्लेक्टर नसलेले दोन्ही कोपरे, दगड, पाचट, माझ्या गाडीच्या काचा आणि रस्त्याच्या कडेपासून ट्रॉली किती आत उभी होती ते. नंतर हवालदारांनी पंचनामा केला, तेव्हा मेहुण्यांनी शेजारी उभं राहून विनंती केली, "दादा, मागं रिफ्लेक्टर नाही, हे तेवढं लिहा." ते लिहिलं गेलं. माझ्या सगळ्या फायलीतली सर्वांत मोलाची ओळ तीच.

माझं हाड सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत चिरलं होतं. अशा फ्रॅक्चरला लगेच हात घालता येत नाही. सूज उतरावी लागते, नाहीतर जखम चिघळते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या नगरच्या हॉस्पिटलात मला हलवलं. केशरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन माझी बायको आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभी राहिली, मंजुरी आली आणि प्लेट बसवली गेली. ऑपरेशनचा भार योजनेनं उचलला. घरी आल्यानंतरचा खर्च मात्र आमचाच होता: फिजिओथेरपी, प्रत्येक तपासणीला भाड्याची गाडी, आणि या सगळ्याच्या वर दुकानाचं उतरलेलं शटर.

आता केंद्र सरकारनं मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. आम्ही पैशांसाठी फोन फिरवत होतो तेव्हा ती नव्हती. आज ज्याच्यावर वेळ येईल त्यानं ती पहिल्याच तासात विचारावी.

पाय टेकवायला परवानगी मिळाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. फिजिओथेरपीच्या ताई गुडघ्यावर कोनमापक ठेवून बघायच्या. खुर्चीत बसायला नव्वद अंश पुरतात. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त वाकावं लागतं. माझा गुडघा शंभरच्या थोडा पुढे जाऊन थांबला. मी दात-ओठ खाऊन दाबायचो, डोळ्यांत पाणी यायचं, पण त्याच्या पुढे तो गेला नाही. एक दिवस ताई म्हणाल्या, "दादा, चालणं छान झालंय तुमचं." मी म्हणालो, "ताई, मला विहिरीत उतरायचंय." त्या गप्प झाल्या. मग त्यांनी माझ्या कागदावर पहिल्यांदा लिहिलं: उकिडवं बसता येत नाही, जड वजन घेऊन पायऱ्या उतरता येत नाहीत. तोपर्यंत कुठल्याही कागदावर मी काय काम करतो हे नव्हतंच. फक्त माझं हाड होतं.

याच काळात ट्रॅक्टरचे मालक घरी आले. शेजारच्या गावचे, वयानं मोठे. त्यांच्या विहिरीची मोटार मीच भरत आलेलो. चहा झाला. मग म्हणाले, "पोरा, व्हायचं ते झालं. वीस हजार घे आणि मिटवून टाक. मी कारखान्याची उचल घेऊन वाहतूक करतो, माझ्याकडं कुठला पैसा?" त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. माझे वडील कॉटशेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "अण्णा, ट्रॅक्टरचा विमा हाय ना?"

"हाय की."

"मग तो कशासाठी काढलाय? पैसा तुमच्या घरातून नको. ज्यानं हप्ता घेतलाय, तो देईल."

गावाकडे दावा म्हणजे भांडण, असं समजतात आणि तिथंच माणसं नाडली जातात. ड्रायव्हरवरचा निष्काळजीपणाचा गुन्हा वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे तो याचसाठी, की जखमीला मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहावं लागू नये. अण्णांशी माझे संबंध आजही चांगले आहेत.

मला स्वतःच्या गाडीच्या विम्याची आशा होती. माझ्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण होतं. पण ते मृत्यूसाठी, हात-पाय किंवा डोळा जाण्यासाठी आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी असतं. मोडून जोडलेल्या हाडासाठी त्यात एक रुपया नसतो. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा आणि शेतकरी कुटुंबांसाठीची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना यांचाही भर मृत्यूवर आणि अवयव निकामी होण्यावरच आहे. ही संरक्षणं प्रत्येकाकडे असावीत, कारण घरातला कर्ता गेला तर तीच आधार होतात. पण माझ्यासारख्याला, जो चालतो-फिरतो पण पूर्वीचं काम करू शकत नाही, एकच वाट उरते: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण.

तिथं मुदतीचं भान ठेवावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. पाय प्लास्टरमध्ये असताना सहा महिने कसे सरतात ते कळत नाही. आम्ही एफआयआर, पंचनामा, ट्रॅक्टरची पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, डिस्चार्ज कार्ड अशी एकेक नक्कल जमवत गेलो आणि मुदतीच्या आत नगरला दावा दाखल केला.

विमा कंपनीनं दोन मुद्दे घेतले. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी म्हणून उतरवलेला, पण वाहतूक भाड्यानं दुसऱ्याच्या उसाची. आणि मागून धडकणाऱ्याचीच चूक. त्याआधी कंपनीकडून आलो म्हणत एक गृहस्थ घरी येऊन गेले होते. जबाब त्यांनी आधीच टाइप करून आणला होता आणि त्यात 'मी वेगात होतो' असं वाक्य होतं. "नुसती सही करा, काम लवकर होईल," म्हणाले. बायकोनं कागद हातात घेतला, मोठ्यानं वाचला आणि परत दिला. सही झाली असती तर पंचनाम्यातली ती ओळही मला वाचवू शकली नसती.

मग आलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळानं पाय तपासला आणि २० टक्के लिहिले. मी ते वाचून खचलो. वकीलसाहेबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "हे पायाचे टक्के आहेत. कोर्टाला आपल्याला कामाचे टक्के सांगायचे आहेत." सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यातला २०१०चा निकाल त्यांनी समजावला: अवयवाचं अपंगत्व आणि कमाईची हानी ही एक नव्हेत, जखमी आधी काय काम करत होता आणि त्यातलं काय आता करू शकतो, हे न्यायाधिकरणानं पाहायचं. तोच पाय, तेच वीस टक्के. टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाची कमाई त्यानं फारशी बुडणार नाही, माझी बुडते.

हिशोबही त्यांनी कागदावर मांडला. अपघाताच्या वेळी माझं वय ३८. सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक १५. समजा महिन्याची कमाई १५ हजार धरली, तर वर्षाचे १ लाख ८० हजार, गुणिले १५ म्हणजे २७ लाख. त्याचे २० टक्के धरले तर ५ लाख ४० हजार. कमाईची हानी ४० टक्के सिद्ध झाली तर १० लाख ८० हजार. उपचारांचा खर्च, सोसलेल्या वेदना आणि बुडालेले महिने यांची रक्कम वेगळी.

आता कमाई सिद्ध कशी करायची? पगारपत्रक नाही, आयकर नाही. आमच्याकडे शेतकरी मोटार भरून नेतो आणि पैसे उसाचं पेमेंट झालं की देतो. पण माझ्याकडे वह्या होत्या. वॉर्निशच्या बोटांचे डाग पडलेली पानं: अमुक वस्तीवरची पाच एचपी, चोवीस खाचा, तार इतके किलो, बाकी इतकी, कारखान्याच्या बिलावर. सोबत तांब्याच्या तारेची दुकानातली बिलं आणि बँकेचं पासबुक. तार जेवढी विकत घेतली तेवढ्या मोटारी भरल्या, हे कुणालाही पटावं असं होतं. अपघातानंतर विहिरीत उतरायला मी एक पोरगा कामावर ठेवला होता. त्याच्या पगाराची नोंदही वहीत होती. वकीलसाहेब त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुमचा पाय जे करायचा, त्याचे पैसे तुम्ही आता दर महिन्याला दुसऱ्याला देताय. यापेक्षा सरळ पुरावा नाही."

शेवटी प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत मिटलं. मागून धडकल्याबद्दल थोडी कपात आम्ही मान्य केली. कमाईची हानी २० टक्क्यांहून जास्त धरली गेली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, त्यामुळे पैसे पुढच्या कोर्टात अडकले नाहीत. त्यातून उसनवारी फिटली, काही रक्कम बँकेत ठेवली आणि दुकानात कमरेइतक्या उंचीचा लोखंडी टेबल करून घेतला. कॉइल आता मी उभं राहून भरतो.

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला मी हंगामाआधी सांगतो की ट्रॉलीला मागून लाल पट्टी लावा आणि विमा ज्या कामाला गाडी जुंपणार त्याच कामाचा काढा. आणि ज्यांच्या घरात कुणी पाय बांधून पडलं आहे, त्यांना सांगतो: डॉक्टरांना, पोलिसांना, वकिलांना, प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून सांगा की हा माणूस काय काम करतो आणि कसं करतो. दूध काढणारा उकिडवा बसतो, गवंडी परांचीवर चढतो, ऊसतोड करणारी बाई डोक्यावर मोळी घेते. एक्स-रेमध्ये यातलं काही दिसत नाही. ते आपणच बोलायचं आणि कागदावर उतरवून घ्यायचं. कायदा आपल्या बाजूनं उभा राहायला तयार आहे; त्याला आपलं काम दाखवावं लागतं.