मांडव घालणारी पिढी

चैत्र सरत आला की आमच्या घरात सावलीची बोलणी सुरू व्हायची. लग्न कुणाचं, मांडव किती खणांचा, मेढी कुणाकडून आणायच्या, टाळ कोणत्या रानातून तोडायचा, हे सगळं ओसरीवर बसून ठरायचं. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वाढलेल्या आम्हा चुलत-आत्ते भावंडांचे उन्हाळे या बोलण्यांनी भरलेले आहेत. पावसाळ्यात ज्या मुलखात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तिथेच वैशाखात उघड्यावर उभं राहवत नाही. खाचरं तडकलेली, डोंगर पिवळे पडलेले आणि भाटघरचं पाणी मागे सरून उघडी पडलेली गाळाची जमीन. वेळवंडीवरचं हे धरण इंग्रजी अमदानीतलं, पण त्याच्या काठच्या उन्हाची आणि वाऱ्याची ओळख आम्हाला घरातल्या वडीलधाऱ्यांनी करून दिली.

हे सगळं पुन्हा वर आलं ते पुतण्यामुळे. राजगडाला जाणाऱ्यांसाठी गुंजवण्याच्या वाटेवर त्याची आई शनिवार-रविवारी ताक, लिंबू सरबत आणि झुणका-भाकर विकते. तिच्यासाठी त्याला गझिबो, म्हणजे कापडी छपराचा तयार मांडव, घ्यायचा आहे, घडी घालून गाडीत टाकता येईल असा, खिशाला परवडेल असा. त्याने घरात विचारलं आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. गझिबोविषयी थोडं आणि मांडवाविषयी फार.

मांडवाचं सामान विकत आणल्याचं आम्हाला आठवत नाही. लग्नाच्या आधी भावकीतली माणसं भल्या पहाटे बैलगाड्या घेऊन रानात जायची. जांभूळ, आंबा, करंज, उंबर यांच्या डहाळ्यांनी गाड्या लादल्या की आधी मारुतीचं देऊळ, मग वाजतगाजत घर. मांडवडहाळे आले की आजी बैलांच्या पायांवर पाणी घालायची आणि भाकरतुकडा ओवाळून टाकायची. मुहूर्तमेढीला उंबराची फांदी बांधायची, पण छपरासाठी जुनी माणसं जांभळीचा हट्ट धरायची. तिचा पाला जाड, लवकर कोमेजत नाही, पंगतीत पानावर झडत नाही, असं त्यांचं सांगणं. ज्याच्या बांधावर जांभूळ असेल त्याला विचारायची गरज नसायची, त्यानेच निरोप धाडलेला असायचा.

आजोबा मेढ कशी रोवायचे ते आजही डोळ्यांसमोर आहे. पहारीने हातभर खोल खड्डा घ्यायचे, त्यात मेढ उभी करून भोवती दगडांचे तुकडे ठासायचे, मग माती, मग पुन्हा दगड. मेढीच्या वरच्या बेचक्यात आडवा वासा बसला की वाखाचा दोर पाण्यात बुडवायचा. कोरडा वाख गाठ मारताना तुटतो, भिजलेला वळतो. दोन वेढे, एक गाठ, आणि शेवटी वाशाला लोंबकळून बघायचं. त्यांचं वजन पेललं तर मांडव पास. मावळतीची बाजू ते मुद्दाम ठेंगणी ठेवायचे, कारण दुपारनंतरचं ऊन तिरपं होऊन त्याच अंगाने आत शिरतं. आम्हा पोरांना त्यांचे तीनच प्रश्न असायचे. “माणसं किती? ऊन कुठनं येतंय? वारा कुठनं सुटतो?” यांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते पहार हातात घ्यायचे नाहीत.

त्या सावलीला गारवा होता आणि त्याला कारण होतं. तोडलेल्या डहाळ्यांतूनही काही काळ ओल उडत राहते, तेवढी हवा थंड होते. पाल्याचे थर एकमेकांना ऊन अडवतात, आणि मधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पंगतीत बसलं की पत्रावळीवर उन्हाचे कवडसे हलायचे. भात, आमटी, लापशी, आणि वाढणाऱ्या काकांच्या हाकेने दुमदुमणारा मांडव. एवढी माणसं एका छपराखाली एकत्र बसतात हे आम्ही पहिल्यांदा तिथे पाहिलं.

मात्र त्या मांडवाच्या मागे काय चाललेलं असायचं, हे आमच्या बहिणींनी आम्हाला मोठेपणी बोलून दाखवलं. चुली परसात पेटलेल्या असायच्या. आई, काक्या, आत्या, शेजारच्या बाया तिथे बसून भाताचे हंडे उतरवायच्या, भाकऱ्या थापायच्या. मांडव पुढच्या दारी, आणि मागे डोक्यावर फार तर दोन काठ्यांना बांधलेलं एखादं गोणपाट. सूर्य सरकला की गोणपाटाची सावलीही सरकायची आणि त्या तशाच बसून राहायच्या. आजोबांच्या तीन प्रश्नांमध्ये त्या बायांची मोजदाद नव्हती. त्यांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदर होता, सावली मात्र त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. हे मांडवाच्या आठवणीत लिहायलाच हवं.

शेतावरही सावलीची गरज तीच. वैशाखात राब भाजायचे दिवस आले की शेण, पालापाचोळा, डहाळ्या पसरून वर माती टाकायची आणि वारा बघून पेटवायचं. वरून ऊन, खालून धग. न्याहारीला मोठ्या आंब्याखाली जायचं, आणि जिथे झाड नसेल तिथे चार काठ्यांवर घोंगडं टाकायचं. डोंगरावरच्या धनगरांनी विणलेलं ते काळं घोंगडं पावसात अंगावर, थंडीत अंथरायला आणि उन्हात डोक्यावर. यात्रेतली दुकानदारांची पालं आमच्यासाठी सर्वांत मोठी नवलाई. सकाळी मोकळं असलेलं माळरान दुपारपर्यंत कापडाच्या रांगांनी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळं. घडी घालून नेता येणारी सावली आम्ही पहिल्यांदा तिथे पाहिली.

मग दिवस बदलले. आमच्याकडची बरीच पुरुषमंडळी मुंबईला गिरणीत आणि माथाडीच्या कामाला होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि थोरले काका ट्रंक घेऊन गावी परतले. त्या ट्रंकेसोबत एक जाड ताडपत्री आली. मांडवावर पाल्याऐवजी ताडपत्री पसरली तो पहिला उन्हाळा हाच. काम तासाभरात उरकलं, पण खाली उकडायला लागलं. कापड तापतं, गरम हवा वर कोंडते, आणि फट कुठेच नसते. पुढे लोखंडी पाइप आणि झालरीचे पडदे घेऊन मंडपवाले आले, मग नसरापूर आणि भोरकडची मंगल कार्यालयं. बैलगाड्या गेल्या, रानातला टाळ तोडणंही कमी झालं, आणि झाडांच्या दृष्टीने ते बरंच झालं.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. आम्ही सगळ्यांनी मिळून आजोबांचेच तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवले आणि चौथा बहिणींनी घातला.

माणसं किती? बाजारात सगळ्यांत जास्त खपतो तो १० फूट बाय १० फुटांचा, म्हणजे साधारण तीन मीटर बाय तीन मीटर. त्यात टेबल, दोन बाकं आणि आठ-दहा गिऱ्हाइकं मावतात. ६ बाय ६ फुटांचा स्वस्त आणि हलका, पण त्यात विकणारा एकटाच सावलीत, गिऱ्हाईक उन्हात. स्वस्तातले तीन-चार हजारांच्या आसपास मिळतात, जाड सांगाड्याचे त्याच्या दुप्पट किंवा त्याहून वर. ज्याला रोज उभा करायचा आहे त्याने किंमत वाचवताना कापडात वाचवावी, सांगाड्यात नाही. कापड फाटलं तर नवीन छप्पर वेगळं मिळतं, पण कैचीचे सांधे प्लॅस्टिकचे असतील तर एका हंगामात तुटतात. दुकानात उघडून, पाय हलवून, सांधे बोटांनी चाचपून बघायचे.

ऊन कुठनं येतं? छपराच्या आतल्या बाजूला चंदेरी लेप असेल तर उष्णता कमी उतरते. वर शेंड्याला हवा जायला झडप असली तर उत्तम, कोंडलेली हवा सुटते आणि वाऱ्याचा दाबही कमी होतो. आजोबांची ठेंगणी बाजू इथेही जमते, मावळतीकडचे दोन पाय एक टप्पा खाली घ्यायचे किंवा त्या बाजूला एक पडदा बांधायचा.

वारा कुठनं सुटतो? आमच्या मुलखात खरी परीक्षा इथे. वैशाखातल्या दुपारी आभाळ स्वच्छ असतं आणि तासाभरात वळीव येतो. मागच्या उन्हाळ्यात मार्गासनीजवळ एका बारशाला हे आम्ही पाहिलं. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि नवाकोरा गझिबो चारही पायांनी उचलला गेला, बाजूच्या बांधावर जाऊन पडला. सुदैवाने बाळंतीण आणि बाळ घरात होती. सोबत आलेले बारीक खिळे मुरमाड जमिनीत शिरलेच नव्हते. पायाला वजन हवं. वीस लिटरचा पाण्याने भरलेला कॅन वीस किलोचा होतो, असा एकेक चारही पायांना घट्ट बांधावा, आणि वारा सुटायची चिन्हं दिसताच छप्पर खाली घ्यावं. पावसात गझिबो उभा ठेवूच नये. झोळ पडलेल्या कापडात एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी साठलं तरी ते पन्नास किलो होतं, सांगाडा तेवढ्यानेही वाकतो. ओला झाला तर वाळवूनच घडी घालायची, नाहीतर कापडाला बुरशी धरते.

चौथा प्रश्न बहिणींचा होता. “सावलीत काम कोण करणार आणि उन्हात कोण राहणार?” पुतण्याने गिऱ्हाइकांची बाकं गझिबोखाली ठेवायचं ठरवलं होतं, चूल बाहेर. आता बेत बदलला आहे. चूल कापडापासून लांब, वारा जातो त्या बाजूला राहील, कारण ठिणगी लागली तर हे कापड क्षणात वितळतं. पण पीठ मळायची, भाज्या चिरायची, ताक घुसळायची जागा सावलीत. वहिनी दिवसाचे आठ तास तिथे उभी असते, गिऱ्हाईक दहा मिनिटांत गडाकडे जातं.

मांडव उतरला की वाळलेला पाला राबावर जायचा, मेढी पुढच्या लग्नासाठी माळ्यावर, दोर गुंडाळून खुंटीला. काही वाया जात नसे. गझिबोचं तसं होणार नाही, म्हणून तो टिकेल असाच घ्यावा आणि भावकीत फिरता ठेवावा. आमच्यात आता तसं ठरलं आहे. एक चांगला गझिबो सगळ्यांनी वर्गणी काढून घ्यायचा. शनिवार-रविवार तो गुंजवण्याच्या वाटेवर, मधल्या वारी ज्याच्या घरी बारसं, वास्तुशांत किंवा भाताची झोडणी असेल त्याच्याकडे. घरोघर गाडीने पोचवायचं काम पुतण्याचं. मेढी आणि टाळ मागून आणणाऱ्या घरांना ही रीत नवी नाही.

ज्या घरांत मांडव घालणारी माणसं अजून आहेत, त्या घरांनी काही विकत घेण्याआधी या माणसांना जागेवर न्यावं, ऊन आणि वारा दाखवून विचारावं. ती नीट सांगतात. आणि त्यांनी सांगितल्यावर त्याच जागी चुलीपाशी बसणाऱ्या बाईलाही विचारावं, कारण तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.